नावाचा तांब्या : संगणकावरील दोन स्थिरचित्रांच्या निमित्ताने

समीक्षकाने लेखाचा आरंभ स्वतःच्या चुकीपासून करावा असा काही संकेत नाही. परंतु या लेखाला दुसरा आरंभ मला सुचत नाही. गेल्या ऑक्टोबरात सुगीच्या सणाच्या निमित्ताने आमच्या धर्मग्रामातील युवकांनी सभागृहात एक छोटेखानी चित्रप्रदर्शन भरवले होते. विषय होता ‘रोजची भाकर’. सेमिनरीच्या दिवसांत ग्रंथालयातील चित्रकलेची जाडजूड पुस्तके चाळण्याचा मला नाद होता. ही गोष्ट कुणीतरी कधीतरी ऐकलेली असल्याने परीक्षकाचे काम माझ्याकडे आले.

चित्रे तीस-पस्तीस होती. बहुतेक जलरंगातील, काही पेन्सिलीची, एक-दोन तैलरंगातील. दोन मात्र संगणकावर तयार करून छापून आणलेली होती आणि योगायोगाने दोन्ही स्थिरचित्रेच होती. दोन्हींत भाकरी होती, पितळी तांब्या होता, फळे होती. एक चित्र महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाचे, दुसरे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रभागांची संगणकीय रेखाटने करणाऱ्या तरुणीचे. मुलाच्या चित्रात सायंकाळचे सोनेरी ऊन तांब्यावरून ओघळत होते, द्राक्षांवर दव होते, भाकरीतून वाफ निघत होती. तरुणीचे चित्र त्या मानाने मंद, काहीसे धुरकट. मी मुलाच्या चित्राला दहापैकी नऊ गुण दिले आणि तरुणीच्या चित्राला सहा. निकाल जाहीर झाला, टाळ्या वाजल्या आणि सणाच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर पहिले चित्र छापले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर चित्रे उतरवण्याआधी मी सभागृहात एकटाच गेलो. गर्दी नव्हती, घाई नव्हती. दोन्ही चित्रांसमोर चष्मा पुसून उभा राहिलो, तेव्हा आदल्या दिवशी मी पाहिलेच नव्हते हे ध्यानात आले. हा लेख म्हणजे त्या न पाहण्याची दुरुस्ती आहे. गुण बदलता येत नाहीत. पण गुण का बदलायला हवे होते एवढे तरी सांगता येते.

स्थिरचित्र हा प्रकार आपल्या घरांना अपरिचित नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत असताना ‘इंटरमिजिएट’ परीक्षेसाठी त्याचा सराव केलेला असेल. स्टुलावर चुण्या पाडून टाकलेले फडके, त्यावर मडके, एखादे वांगे, दोन केळी. आणि भोवती बसलेली आपण मुले, तोंडाने पेन्सिल चावत. या चित्रप्रकाराला भाषांनी दिलेली नावेही पाहण्यासारखी आहेत. डच भाषेतून इंग्रजीत गेलेल्या नावाचा अर्थ होतो ‘निश्चल जीवन’. फ्रेंच त्याला ‘मृत निसर्ग’ म्हणतात. एकाच वाडग्यातील फळांना एकाने जिवंत म्हणावे आणि दुसऱ्याने मृत, या मतभेदातच या कलेचा सारा प्रश्न सामावलेला आहे. ठेवलेली वस्तू बोलते की नाही? आणि बोलत असेल, तर ती कोणामुळे बोलते?

सोळावे शतक संपता संपता काराव्हाज्जोने फळांची एक टोपली रंगवली. ती कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ यांच्या संग्रहात होती आणि आज मिलान येथील अँब्रोसियाना संग्रहालयात आहे. टोपलीत द्राक्षे आहेत, अंजिरे आहेत आणि दर्शनी भागी एक सफरचंद आहे. त्या सफरचंदाला कीड लागली आहे. द्राक्षाची पाने कडेने सुकून गुंडाळली आहेत. राजवाड्यात टांगायच्या चित्रात किडके फळ कोण रंगवील? जो समोर पाहतो आहे तो. काराव्हाज्जोच्या समोर जे सफरचंद होते त्याला भोक होते, आणि त्याने ते झाकले नाही. चार शतके लोक त्या टोपलीपाशी थांबतात ते त्यामुळे.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे घेता येईल. गोव्यातील साळगाव येथे १९२४ साली जन्मलेला, १९४५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून काढून टाकला गेलेला आणि १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत पुढाकार घेणारा हा बंडखोर चित्रकार. त्याचे चर्चशी पटले नाही. पण लहानपणी वेदीवर पाहिलेली पात्रे त्याला सोडून गेली नाहीत. त्याच्या अनेक स्थिरचित्रांत चषक आणि वेदीवरील भांडी येतात. जाड काळ्या रेषांनी बांधलेली, जवळजवळ रागाने रंगवलेली. ज्या घराशी भांडण झाले त्या घरातली भांडी माणूस विसरू शकत नाही, हे त्या चित्रांतून जेवढे कळते तेवढे एखाद्या चरित्रातून कळणार नाही.

मराठीत वस्तूंविषयी सर्वांत गंभीरपणे विचार केला तो प्रभाकर बरवे यांनी. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, फळ अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात एकमेकींपासून अंतर राखून वावरतात. १९९० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक चित्रकला न शिकलेल्या वाचकानेही सावकाश वाचावे असे आहे. बरव्यांकडून मी एवढेच शिकलो की वस्तू काढणे ही स्थिरचित्राची अर्धी बाजू झाली. उरलेली अर्धी बाजू म्हणजे दोन वस्तूंमधले अंतर, आणि ते अंतर कोणीतरी ठरवावे लागते.

संगणकावरील स्थिरचित्र कसे घडते हे थोडे समजून घेतल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. मलाही ते त्या तरुणीनेच समजावून सांगितले. बाकीचे मी नंतर वाचून काढले.

या कलेचा आरंभ एका चहाच्या किटलीपासून झाला म्हटले तरी चालेल. १९७५ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल नावाचा संशोधक संगणकाला वस्तूंचा आकार कसा शिकवावा या विवंचनेत होता. त्याची पत्नी सँड्रा हिने सुचवले, ‘आपला चहाचा संचच का घेत नाहीस?’ न्यूवेलने घरातली पांढरी किटली समोर ठेवली, आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने तिची रेषा उतरवली आणि त्या रेषेचे आकडे संगणकाला दिले. पुढे जगभरच्या संशोधकांनी प्रकाशाचे आणि सावलीचे प्रयोग करण्यासाठी हीच किटली वापरली. मूळ किटली आज कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात जपलेली आहे. गंमत अशी की संगणकातील किटली खऱ्या किटलीपेक्षा बुटकी आहे. न्यूवेलच्या एका सहकाऱ्याने ती दाबली आणि जगाने तीच खरी मानली. म्हणजे या यंत्रकलेच्या मुळाशीही एक संसार आहे, एक गृहिणीची सूचना आहे आणि किटलीकडे पाहत कागदावर रेष ओढणारा एक हात आहे.

त्यानंतरची कथा ही प्रकाशाची कथा आहे. संगणकात वस्तूचा सांगाडा जाळीसारखा असतो. त्या जाळीवर कातडे चढवायचे, ते कातडे खडबडीत की गुळगुळीत हे सांगायचे, मग दिवे ठेवायचे. दिव्याचा प्रकाश वस्तूवर पडून कसा परततो, हे यंत्राला गणिताने शिकवावे लागले. त्याच युटा विद्यापीठात बुई तुओंग फोंग या व्हिएतनामी तरुणाने १९७३ साली गोल पृष्ठावरील चकाकीचा ठिपका मोजण्याची रीत आपल्या प्रबंधात मांडली आणि दोनच वर्षांनी, तिशी नुकतीच उलटलेली असताना, तो वारला. १९८० साली टर्नर व्हिटेड याने किरणांचा माग उलट्या दिशेने, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून वस्तूकडे, काढण्याचा मार्ग दाखवला; काचेच्या गोळ्यातून दिसणारी चौकटीची फरशी तेव्हा प्रथमच पटण्यासारखी दिसू लागली. १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी रंगीत भिंतींची एक पेटी घेऊन हे दाखवले की लाल भिंतीशेजारची पांढरी भिंत पूर्ण पांढरी नसते. शेजारणीची लाली तिच्यावर उतरते. १९८६ साली जेम्स काजिया याने प्रकाशाच्या या साऱ्या देवाणघेवाणीला एका समीकरणात बसवले. आणि २००१ साली हेन्रिक वान येन्सेन व त्याच्या सहकाऱ्यांनी दूध, संगमरवर आणि माणसाची त्वचा यांच्या आत शिरून बाहेर येणारा प्रकाश मोजण्याची व्यवहार्य रीत दिली. त्याआधी संगणकातील दूध पांढऱ्या रंगाच्या डब्यासारखे दिसे. त्यानंतर ते दुधासारखे दिसू लागले.

प्रकाश एका वस्तूवरून दुसरीवर जातो, शेजाऱ्याचा रंग शेजाऱ्याला लागतो, दूध आतून उजळते. काराव्हाज्जोला हे सारे डोळ्यांनी ठाऊक होते. यंत्राला ते शिकायला तीस वर्षे लागली. यात यंत्राचा उपहास नाही. एखादी गोष्ट डोळ्याला दिसणे आणि ती का दिसते हे सांगता येणे, या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठीही साधना लागते.

हे ज्ञान आज गरिबाच्या घरातील मुलामुलींनाही खुले आहे, ही समाधानाची बाब आहे. आमच्या तरुणीने वापरलेली ‘ब्लेंडर’ ही प्रणाली हॉलंडच्या टॉन रोझेनडाल याची. ज्या कंपनीकडे ती होती ती बंद पडली, तेव्हा २००२ साली वापरणाऱ्यांनीच एक लाख युरो वर्गणी काढून ती सर्वांसाठी मोफत खुली करून घेतली. पोटासाठी यंत्रभाग रेखाटणारी मुलगी रात्री भाकरी रेखाटू शकते, ती या वर्गणीच्या पुण्याईवर.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हाताने चित्र काढणाऱ्याला चूक फुकट मिळते आणि अचूकपणा कष्टाने मिळवावा लागतो. इंटरमिजिएटच्या मुलाचे मडके एका बाजूला कलंडतेच. ते सरळ उभे करण्यात त्याची वर्षे जातात. संगणकावर नेमके उलटे घडते. तेथे पहिल्याच क्षणी मिळणारा गोल हा परिपूर्ण गोल असतो, पाट सपाट असतो, कापडाला डाग नसतो. परिपूर्णता फुकट आहे. व्यंग मात्र एकेक करून, हाताने, वेळ खर्चून आणावे लागते. ओरखडा हवा तर ओरखडा काढा, धूळ हवी तर धूळ घाला. म्हणून संगणकीय स्थिरचित्राची परीक्षा ते किती निर्दोष आहे यावर होऊ नये. त्यातील दोष कोठून आणले आहेत, हे तेथे विचारायला हवे.

कारण दोषही आता तयार मिळतात. गंजाचे, डागांचे, भेगांचे नमुने भांडारात असतात. निवडायचे आणि वस्तूवर पांघरायचे. वस्तूही तयार मिळतात. आमच्या तरुणीने असे भांडार चाळले तेव्हा तिला सुरई, चीजचा तुकडा, मेणबत्ती आणि कवटी मिळाली. पितळी तांब्या आणि ज्वारीची भाकरी मिळाली नाही. परक्याच्या स्वयंपाकघरातून उसनी आणलेली भांडी मांडून आपण आपल्या जेवणाचे चित्र काढणार कसे?

या प्रकारातील एका नामवंत चित्राचा येथे उल्लेख करतो. झील ट्रां या फ्रेंच कलावंताने २००६ साली ‘पॉव्ह-रे’ या प्रणालीने केलेले, काचेचे पेले, पाण्याचे भांडे, रक्षापात्र आणि फासे यांचे चित्र. काचेतून वाकणारा प्रकाश, एका पेल्यातून दिसणारा दुसरा पेला, पुढची वस्तू स्पष्ट तर मागची अंधूक. सारे इतके सफाईदार की ते छायाचित्र नव्हे यावर विश्वास बसत नाही. त्या कारागिरीला मी मनापासून दाद देतो. तरीही दुसऱ्यांदा पाहताना एक शंका मनात राहिली. या पेल्यांतून कोणी प्यायले आहे का? फासे कोणी टाकले? डाव अर्धवट सोडून उठलेला माणूस मला त्या मेजाभोवती कोठे सापडला नाही. प्रकाश होता, घर नव्हते.

आता त्या तरुणीचे चित्र. त्यात एक जुना लाकडी पाट आहे. पाटावर जर्मनची ताटली, ताटलीत ज्वारीची अर्धी भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि ठेच्याचा लहानसा गोळा. मागे पितळी तांब्या. पाटाखाली जमिनीवर एक सीताफळ. प्रकाश डावीकडून येतो, दाराच्या फटीतून यावा तसा, आणि तांब्याच्या पोटावर येऊन थांबतो. तिने चित्राला नाव दिलेले नाही.

भाकरी ही चित्रातील सर्वांत मोठी कामगिरी आहे. थापलेल्या भाकरीवर बोटांचे ठसे उमटतात आणि पाणी लावलेल्या बाजूला ते पुसट होतात, हे आपण रोज पाहतो आणि कधीच पाहत नाही. तिने ते पाहिले आहे. वरचा पापुद्रा सुटलेला, मोडलेल्या कडेला आतला ओलसर भाग किंचित उजळ, निखाऱ्यावर टेकलेल्या जागी करपलेले ठिपके. हे ठिपके सर्वत्र सारखे विखुरलेले नाहीत. भाकरी जेथे फुगून वर आली होती तेथेच आहेत. मी विचारले, ‘हे तुला कसे सुचले?’ ती म्हणाली, ‘सुचलं नाही फादर. रोज एक भाकरी समोर ठेवून बसायचे. आई म्हणायची, खा नाहीतर गाईला घाल, पण बघत काय बसलीस!’ कांद्याची लाली ताटलीच्या काठावर फिकटशी उतरली आहे. ती कॉर्नेलच्या पेटीतून आली की आईच्या स्वयंपाकघरातून, हे मी सांगू शकत नाही. दोन्हींतून आली असावी.

तांब्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव आहे. भांड्यावर नाव घालण्याची आपली जुनी रीत. लग्नात दिलेल्या भांड्यावर ते असतेच. हे तिच्या आजीचे नाव. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात ठिपके नीट दिसेनात, तेव्हा तिने तांब्यावर पातळ कागद धरला, वरून पेन्सिल घासली आणि उमटलेला ठसा पाहून एकेक ठिपका संगणकात बसवला. एका अक्षराची वेलांटी कोरणाऱ्याच्या हातून अर्धवट राहिली होती. तीही तिने अर्धवटच ठेवली. नावाच्या उजवीकडे तांब्याला पोचा आहे. विहिरीच्या काठावरून तो घरंगळला होता तेव्हाचा. दिवसभर कारखान्यात जिच्या नजरेसमोर असा पोचा असलेला भाग ‘रिजेक्ट’ ठरतो, तिने रात्री तो पोचा दोन आठवडे खपून जसाच्या तसा आणला आहे. त्या पोच्यात पडलेले प्रकाशाचे वाकडे प्रतिबिंब हे या चित्राचे मर्म आहे.

चित्र निर्दोष नाही आणि तसे म्हणणे तिच्यावरच अन्याय करणारे ठरेल. कांद्यावरची चकाकी जास्त झाली आहे. तो ओला नव्हे, वार्निश लावल्यासारखा दिसतो. ताटली आणि पाट यांच्यामधली सावली पुरेशी गडद नसल्याने ताटली किंचित तरंगते. स्थिरचित्रात वजन नसेल तर स्थिरपणाही नाही. सर्वांत मोठी उणीव सीताफळाची. सीताफळाचे डोळे सारखे नसतात. देठाकडे ते लहान आणि दाट, मध्ये मोठे, खाली पुन्हा आखडलेले, आणि पिकत आले की त्यांच्यामधल्या खाचा फिकट होत उलतात. तिने एकच डोळा घडवून तो यंत्राकरवी फळभर पेरला आहे. भाकरीपुढे बसली तशी ती सीताफळापुढे बसलेली नाही. आमच्या या मुलखात, जेथे बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे बाजारात टोपल्यांनी येतात, हे डोळे लगेच ओळखू येतात. सहा गुण देताना माझ्या मनात मात्र यांपैकी काही नव्हते. मला चित्र अंधारे वाटले होते, एवढेच.

ज्याला मी नऊ गुण दिले ते चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने केलेले होते. त्या मुलाने हे लपवले नव्हते. चित्राखालच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलेही होते. मी चिठ्ठी वाचली नाही हा माझा दोष. अशा साधनाला हवे ते वाक्यात सांगावे लागते. असंख्य चित्रे पचवून शिकलेले ते यंत्र काही क्षणांत चार-पाच चित्रे समोर ठेवते आणि आपण एक निवडतो. २०२२ पासून ही साधने सर्वांच्या हाती आली आहेत.

दुसऱ्या दिवशी त्या चित्रात मला दिसले ते असे. तांब्याची सावली उजवीकडे पडली आहे आणि द्राक्षांची पुढे. द्राक्षांच्या घोसाला देठ आहे, पण अर्धी द्राक्षे त्याला जोडलेलीच नाहीत. भाकरी जाड, पावासारखी फुगीर. वाफ निघते, पण मोडलेली कड थंड आणि कोरडी. आणि तांब्यावर नाव आहे. निदान दुरून तसे वाटते. जवळ गेलो तर ती अक्षरे नव्हती. वर शिरोरेघेसारखी रेघ, खाली काने-वेलांट्यांसारखे आकार; वाचू गेले तर काहीच नाही. आदल्या दिवशी तेथे अक्षरे आहेत एवढेच मी पाहिले आणि पुढे गेलो. नाव वाचण्याचे मला सुचलेही नाही.

यावर जाणकार म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील, की हे दोष आज आहेत, उद्या नसतील. सावल्या जुळतील, द्राक्षे देठाला लागतील, अक्षरे शुद्ध होतील. म्हणून माझा आक्षेप या दोषांवर उभारला तर तो यंत्राच्या पुढच्या आवृत्तीबरोबर कोसळेल. शिवाय निवडणे हेही कर्तृत्व आहे. छायाचित्रकार निवडतो आणि त्याला आपण कलावंत मानतो. त्या मुलाने पाचांतून एक निवडले, आणि त्याची निवड डोळ्याला सुखावणारी होती, याला माझे नऊ गुणच साक्षी आहेत.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि यंत्र कितीही सुधारले तरी तो उरेल असे मला वाटते. स्थिरचित्रातील प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून कर्त्याला विचारता आले पाहिजे, ‘हे येथे का?’ मी दोघांनाही विचारले. तरुणीने पोच्याची, वेलांटीची, फोडलेल्या कांद्याची हकीकत सांगितली. सीताफळाचे विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाली, ‘तिथे कंटाळा केला, फादर.’ हेही उत्तरच झाले. मुलाला विचारले, ‘द्राक्षे का रे?’ तो प्रामाणिक आहे. क्षणभर विचार करून म्हणाला, ‘मी सांगितली नव्हती. ती आपोआप आली.’ भाकरीशेजारी द्राक्षे का आली असतील, हे मी धर्मगुरू म्हणून ओळखू शकतो: पाश्चात्त्य चित्रांत शतकानुशतके भाकर आणि द्राक्षे वेदीच्या नात्याने जवळ ठेवली गेली. तो संबंध यंत्राला सवय म्हणून ठाऊक आहे. पण सूझाच्या चषकामागे भांडण होते, काराव्हाज्जोच्या किडीमागे नजर होती, आणि या द्राक्षांमागे कोणीच नव्हते. आपल्या श्रद्धेत भाकर आणि द्राक्षारस यांना जे स्थान आहे ते त्यांच्यामागे माणसाच्या हातांचे श्रम आहेत म्हणूनही आहे. त्यांचे चित्र तरी विनाश्रम ‘आपोआप’ यावे का?

येथे अजिंठ्याची आठवण होते. शहरापासून शंभरेक किलोमीटरवरच्या या लेण्यांत पहिल्या लेण्याच्या छतावर चौकटी आखून फुले, फळे, पक्षी रंगवलेले आहेत. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील पेस्तनजी बोमनजी व इतर विद्यार्थ्यांना घेऊन या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांतील पुष्कळशा नष्ट झाल्या. पण त्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे भिंतीसमोर बसून जे पाहिले ते जळाले नव्हते. पेस्तनजी पुढे नामवंत चित्रकार झाले. प्रतिकृतीचे मोल कागदाइतकेच ती करणाऱ्याच्या डोळ्यांतही साठलेले असते. साधन ब्रश असो की संगणक, हा हिशेब बदलत नाही. म्हणूनच संगणकाने केलेली चित्रे खोटी, असे सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या तरुणीचे चित्र संगणकाचेच आहे, आणि मी गेल्या काही वर्षांत पाहिलेल्या स्थिरचित्रांत ते सर्वांत प्रामाणिक आहे.

पालकांना एवढेच सांगेन. मुलाने संगणकावर केलेले चित्र दाखवले तर लगेच ‘छान’ म्हणू नका आणि लगेच ‘यात काय मोठे’ असेही म्हणू नका. जवळ बसा आणि एकेका वस्तूविषयी विचारा. उत्तर देताना त्याचे त्यालाच कळेल की आपण कोठे पाहिले आणि कोठे कंटाळा केला. त्या मुलालाही मी तेच सांगितले. त्याने घरच्या तांब्यावरचे नाव वाचून पाहिले, पणजीचे निघाले. ते त्याला आजवर ठाऊक नव्हते.

मुखपृष्ठ छापले गेले आहे आणि ते पुष्कळांना आवडले. तरुणीचे चित्र मी मागून घेतले. ते माझ्या कार्यालयात आहे. येणारे लोक तांब्यावरचे नाव वाचतात आणि ‘या कोण?’ म्हणून विचारतात. सीताफळ तिने चित्रातून काढून टाकले आहे. यंत्रात त्याचे डोळे बदलायला एक संध्याकाळ पुरेल, असे मी सुचवून पाहिले. ती म्हणाली, ‘नको फादर. यंदाची संपली. पुढच्या हंगामात फळ समोर ठेवून करीन.’